ब्रेक उमरेडलाच लावायचा

उमरेड ते सोनेगावचं विमानतळ हे अंतर आकाशातून सरळ मोजलं तर चाळीस किलोमीटरच्या आत भरतं. उमरेड रोडने एसटीला तेवढ्यासाठी तासभर लागतो. ताशी ७०० किलोमीटरने येणाऱ्या लढाऊ विमानाला साडेतीन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. तेवढ्यात सातशेचे तीनशे करायचे, दोन हजार मीटर खाली यायचं, चाकं काढायची, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) काढायचे आणि नाक धावपट्टीच्या मधल्या पांढऱ्या रेघेवर आणून ठेवायचं. संगणकावर लढाऊ विमान उडवायला बसलेली पोरं क्षेपणास्त्र डागायला दोन संध्याकाळी शिकतात आणि धड उतरायला दोन महिने घेतात, ते या साडेतीन मिनिटांपायी.

उमरेडचं नाव उगाच घेतलेलं नाही. सोनेगावच्या या विमानतळाची, म्हणजे नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळाची, धावपट्टी ३२०० मीटर लांब आहे. तिचं एक टोक १४ आणि दुसरं ३२ या आकड्याने ओळखलं जातं. होकायंत्राच्या अंशांतलं शेवटचं शून्य गाळलं की हे आकडे मिळतात. ३२ वर उतरणारं विमान वायव्येकडे तोंड करून येतं. त्याची वाट मागे वाढवत नेली की ती उमरेडच्या अंगाला जाते. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये व्हीएएनपी हा संकेत टाकला की हीच धावपट्टी समोर उभी राहते, आणि तिथे नोव्हेंबर २०२१ पासून सुपर हॉर्नेट हे लढाऊ विमानही मिळतं. डीसीएस वर्ल्ड या दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये नागपूर नाही, भारताचा नकाशाच नाही. तिथल्या फुकट मिळणाऱ्या कॉकेशस नकाशात बऱ्याच धावपट्ट्या अडीच किलोमीटरच्या आतबाहेर आहेत. हिशेब मात्र तोच. धावपट्टीपासून चाळीस किलोमीटरवर एक मनातलं उमरेड धरायचं आणि ब्रेक तिथून लावायला घ्यायचा.

नागपूरकराला लढाऊ विमान तसं परकं नाही. हवाई दलाच्या अनुरक्षण कमांडचं मुख्यालय इथेच, वायुसेना नगरात आहे. नोव्हेंबर २०२२ च्या एअर फेस्टमध्ये सूर्यकिरण पथकाची लाल-पांढरी हॉक विमानं शहराच्या डोक्यावरून गेली, तेव्हा गच्च्या भरल्या होत्या. पण प्रेक्षकाला दिसतात त्या गिरक्या. उतरण्यातली मेहनत गच्चीवरून दिसत नाही.

नवख्याचं चुकतं कुठे? त्याच्या डोक्यात मोटारसायकल असते. वर्धा रोडवर सिग्नल दिसला की थ्रॉटल सोडायचा, ब्रेक दाबायचा, गाडी थांबते. विमानाला हवेत चाकाचा ब्रेक नाही आणि पाय टेकायला जमीन नाही. वेग ही त्याच्या अंगात साठलेली ऊर्जा असते, आणि ती वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ६०० वर असलेल्या विमानात ताशी ३०० वर असलेल्या त्याच विमानाच्या चौपट गतिज ऊर्जा असते. उंचीच्या भाषेत सांगायचं तर ६०० वरून ३०० वर येणं म्हणजे सुमारे एक हजार मीटर उंची आणखी उतरण्याइतकं काम. म्हणजे जमिनीपासून ५०० मीटरवर पण ताशी ६०० किलोमीटरने येणारा खेळाडू स्वतःला खाली आलेला समजतो, आणि हिशेबाने तो अजून दीड हजार मीटरवर असतो.

त्यातून दुसरी गोची निर्माण होते. नेहमीची उतरणीची वाट तीन अंशांची असते, म्हणजे दर किलोमीटरला साधारण ५० मीटर उंची कमी होते. सोनेगावपासून दहा किलोमीटरवर जमिनीपासून ५०० मीटर, वीसवर हजार, आणि उमरेडला दोन हजार. हा पाढा पाठ असला की नकाशावरचं अंतर पाहून उंची बरोबर आहे की नाही ते लगेच कळतं. (उंचीमापक समुद्रसपाटीपासून लावलेला असेल तर सोनेगावला चाकं टेकल्यावरही काटा ३१५ मीटर दाखवतो, तेवढे पाढ्यातल्या उंचीत मिळवायला विसरू नये.) पण ही तीन अंशांची उतरण दिसते तेवढी गरीब नाही. तिच्यावर गुरुत्वाकर्षण विमानाला दर सेकंदाला सेकंदी अर्ध्या मीटरने पुढे ढकलत राहतं. मिनिटभरात ताशी ११० किलोमीटर एवढा वेग नुसता उतारच भरून देतो. थ्रॉटल पूर्ण मागे घेतलाय आणि तरी काटा हलत नाही, ही नवख्याची तक्रार इथली असते. इंजिन गप्प बसलंय, पण उतार ढकलतोय.

म्हणून आधी उतरायचं आणि मग मंदावायचं, किंवा आधी मंदावायचं आणि मग उतरायचं. दोन्ही एकदम करायला हात सरावलेला लागतो. शिकताना पहिला मार्ग सोपा पडतो: उमरेडपासून ते धावपट्टी पंधरा-वीस किलोमीटर उरेपर्यंत थोडं जास्त तीव्र उतरून ५००–६०० मीटरवर यायचं, तिथे विमान सपाट करायचं आणि मग वेग हवा तेवढा खाली आणायचा.

सपाट झाल्यावर थ्रॉटल मागे आणि एअरब्रेक बाहेर, हे सगळ्यांना सुचतं. डीसीएसमध्ये त्यासाठी बी हे बटण असतं. एअरब्रेकची गंमत अशी की तो वेग जास्त असताना मस्त काम करतो आणि वेग कमी झाला की ढिला पडतो, कारण हवेचा रेटाही वेगाच्या वर्गानेच घटतो. सातशेवर तो जेवढा अडवतो त्याच्या चौथ्या भागाएवढंच साडेतीनशेवर अडवतो. धावपट्टी दिसल्यावर घाबरून एअरब्रेक उघडणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग होत नाही तो त्यामुळे.

ज्याचा विसर पडतो तो ब्रेक म्हणजे वळण. विमान जोरात वळवलं की पंखांना वजनाच्या कित्येक पट उचल द्यावी लागते, आणि त्या उचलीपायी निर्माण होणारा अवरोध उचलीच्या वर्गाने वाढतो. तोच वेग असताना दोन जीच्या, म्हणजे वजनाच्या दुप्पट उचलीच्या, वळणात हा अवरोध चौपट होतो, चार जीच्या वळणात सोळापट. जगभरातली लढाऊ विमानं धावपट्टीच्या डोक्यावरून वेगात येतात, मग गर्रकन वळून उलट दिशेला जातात आणि पुन्हा वळून उतरतात, ती ऐट मारण्यासाठी नव्हे. एकत्र आलेली विमानं एकामागोमाग सुटी होतात, तळाच्या जवळच राहतात आणि त्या वळणातच फालतू वेग खर्ची पडतो. हॉर्नेटचं उदाहरण घ्या. धावपट्टीवरून ३५० नॉटने, म्हणजे ताशी साडेसहाशे किलोमीटरने जायचं, थ्रॉटल मागे, एअरब्रेक बाहेर, आणि साडेतीन जीचं वळण. वेगाच्या शंभराव्या भागाएवढे जी, हा वैमानिकांचा ठोकताळा. वळून उलट दिशेला लागेपर्यंत वेग २५० नॉटच्या, म्हणजे ताशी ४६० किलोमीटरच्या आसपास येतो. ही हॉर्नेटची चाकं काढायची मर्यादा. वळणाचा घेर दीड-दोन किलोमीटरचा होतो, त्यामुळे धावपट्टी खांद्याच्या बाजूला योग्य अंतरावर आपोआप राहते. एकदा जमलं की सरळ लांबून येण्यापेक्षा हीच पद्धत सोपी वाटायला लागते.

वळणाचा दुसरा चेहराही ओळखून असावं. साठ अंश कलवून वळलं की दोन जी लागतात आणि विमान ज्या वेगाखाली हवेतून गळतं, म्हणजे स्टॉल होतं, तो वेग १.४ पट होतो. सपाट असताना २२० ला स्टॉल होणारं विमान तिथे ३१० लाच गळतं. धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठीच्या शेवटच्या वळणात, चाकं-फ्लॅप काढलेले, उंची ३०० मीटर, रेषा चुकतेय म्हणून काठी पोटाशी ओढली, की पडद्यावर एकदम शेतं दिसायला लागतात. रेषा चुकली तर चुकू द्यावी. तीस अंशांपेक्षा जास्त कलवायची गरज पडतेय म्हणजे फेरी पुन्हा मारायची वेळ आली आहे.

चाकं आणि फ्लॅप हेही ब्रेकच, पण त्यांना वेगाची मर्यादा असते. ती ओलांडून काढले तर वाकतात, तुटतात, आणि चांगली सिम्युलेटर ही शिक्षा खरोखर देतात. दुसऱ्या महायुद्धातल्या पी-५१डी मस्टँगचं पत्रक या बाबतीत वाचण्यासारखं आहे. चाकं ताशी १७० मैलांखाली. फ्लॅपचे टप्पे मात्र वेगवेगळे: पहिले दहा अंश ४०० मैलांपर्यंत चालतात, वीस अंश २७५ पर्यंत, आणि पूर्ण पन्नास अंश १६५ च्या खालीच. म्हणजे मस्टँगमध्ये फ्लॅपचा पहिला टप्पा हा चाकांच्या कितीतरी आधी वापरता येणारा ब्रेक आहे. याच विमानाची शिकाऊ आवृत्ती, टीएफ-५१डी, डीसीएसमध्ये फुकट मिळते. स्पिटफायरमध्ये अशी चैन नाही. त्याच्या फ्लॅपला दोनच अवस्था, आत किंवा सगळे बाहेर, आणि चाकं-फ्लॅप दोन्हींना मर्यादा ताशी १६० मैलांची.

मिग-२१ विषयी मराठी वाचकाला दोन शब्द जास्त सांगायला हवेत, कारण हे विमान नाशिकजवळच्या ओझरला घडलं. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा तिथला कारखाना १९६४ मध्ये या विमानासाठीच उभा राहिला आणि एफएल, एम, बिस अशा त्याच्या आवृत्त्या तिथून शेकडोंनी बाहेर पडल्या. १९६३ मध्ये हवाई दलात आलेलं मिग-२१ हे विमान २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निवृत्त झालं. डीसीएसमध्ये ते २०१४ पासून उडतंय, आणि उतरायला सर्वांत हट्टी विमानांमध्ये त्याची गणना होते.

त्याचा पंख त्रिकोणी, छोटा आणि पातळ. आवाजाच्या दुप्पट वेगासाठी तो उत्तम, पण कमी वेगात उचल द्यायला नाखूष. म्हणून मिग-२१ ताशी तीनशेच्या वर-खाली वेगानेच धावपट्टीला टेकतं. तुलनेला नागपूरचाच जुना पाहुणा घ्यावा. १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या टपाल सेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चार दिशांनी विमानं मध्यरात्री नागपुरात उतरायची, पिशव्यांची अदलाबदल करून पहाटेपर्यंत परत जायची. त्यातलं डाकोटा ताशी दीडशे-एकशे साठच्या वेगाने धावपट्टीवर येई. मिग त्याच्या दुप्पट. हवाई दलातल्या नव्या वैमानिकांना किरणसारख्या संथ जेटवरून थेट मिग-२१ वर जावं लागे, आणि त्या उडीत जे जीव गेले त्याची चर्चा देशात वर्षानुवर्षं चालली. २००८ मध्ये बीदरला हॉक हे प्रशिक्षण विमान आलं ते ही दरी बुजवण्यासाठी. सिम्युलेटरवाल्यानेही हा धडा घ्यावा. पहिल्याच दिवशी मिगवर बसू नये. डीसीएसबरोबर फुकट येणाऱ्या सुखोई-२५टीवर हात बसवावा; त्याचे एअरब्रेक पंखांच्या टोकांना आहेत आणि स्वभावाने ते विमान बरंच समजूतदार आहे.

मिगवर बसल्यावर हे ढोबळ आकडे हाताशी ठेवावेत: चाकं ताशी ६०० च्या खाली, मग पहिले फ्लॅप, शेवटच्या सरळ टप्प्यावर पूर्ण फ्लॅप आणि वेग साडेतीनशेच्या आसपास, धावपट्टीच्या कडेवर तीनशेवीस, टेकताना तीनशे. पोटात इंधन किंवा पंखाखाली बॉम्ब शिल्लक असतील तर हे आकडे वर सरकतात. यात एक खास फास आहे. मिग-२१बिसच्या फ्लॅपवरून इंजिनाच्या काँप्रेसरमधली दाबाची हवा फुंकली जाते. एसपीएस म्हणतात त्या व्यवस्थेला. या फुंकरीमुळे फ्लॅपवरचा प्रवाह सुटत नाही आणि विमान कमी वेगातही तग धरतं. पण हवा इंजिनातून येते. वेग जरा जास्त वाटला म्हणून धावपट्टीच्या तोंडाशी थ्रॉटल खाडकन बंद केला की इंजिन मंदावतं, फुंकर जाते, उचल जाते आणि विमान दगडासारखं आपटतं. मिगमध्ये थ्रॉटल चाकं जमिनीला लागेपर्यंत हळूहळू मागे घ्यायचा असतो.

आता थोडं उलटं वाटेल असं. मंदावत मंदावत विमान एका वेगाशी पोचतं जिथे अवरोध सर्वांत कमी असतो. त्याच्याही खाली गेलं की अवरोध पुन्हा वाढायला लागतो, कारण उचल टिकवण्यासाठी नाक आणखी वर करावं लागतं. म्हणजे जितकं हळू जायचं तितकं जास्त इंजिन. त्रिकोणी पंखांच्या विमानांत, मिग-२१ असो, मिराज २००० असो की तेजस, हे फार ठसठशीत जाणवतं. शेवटच्या पाच किलोमीटरवर जे विमानं धावपट्टीच्या अलीकडेच झाडांत घालतात, त्यांचा दोष बहुधा हाच असतो. वेग कमी करायची इतकी सवय लागलेली असते की आता थ्रॉटल पुढे सरकवायचा आहे हे ध्यानातच येत नाही. शिवाय जेट इंजिनाला मंद अवस्थेतून जोर धरायला काही सेकंद लागतात. म्हणून बरेच अनुभवी खेळाडू शेवटच्या टप्प्यावर एअरब्रेक थोडा उघडाच ठेवतात. अवरोध जास्त, म्हणून थ्रॉटलही जास्त, आणि इंजिन तापलेलं, हाकेला ओ देणारं. पुन्हा वर जायची वेळ आली तर एअरब्रेक मिटला की जोर हातात असतोच.

वेगाच्या काट्यापेक्षा या टप्प्यावर आणखी एक आकडा खरा बोलतो, तो म्हणजे हल्ल्याचा कोन, समोरून येणारी हवा पंखाला ज्या कोनात भिडते तो. वजन बदललं की योग्य वेग बदलतो, हा कोन बदलत नाही. हॉर्नेटमध्ये तो ८.१ अंश, आणि तो साधला की काचेशेजारचा पिवळा गोल पेटतो. एफ-१६ मध्ये ११ ते १३ अंश. नाकाने कोन धरायचा, थ्रॉटलने उतरण्याचा वेग सांभाळायचा. सुरुवातीला हात उलटसुलट पडतात. पडू द्यावेत.

ट्रिमचे, म्हणजे काठी न ओढता नाक जागेवर धरून ठेवणाऱ्या बटणाचे, छोटे छोटे टिचके मारत राहावं. चाकं काढली, फ्लॅप काढले, वेग घटला, प्रत्येक वेळी विमानाचं नाक आपली जागा सोडतं. ट्रिम न केल्यास खेळाडूचं सगळं लक्ष काठी ओढून धरण्यात जातं आणि वेगाकडे बघायला कुणी उरत नाही.

नागपूरच्या उन्हाचा मामला वेगळा आणि फार मजेदार आहे. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये मे महिन्याची दुपार लावून सोनेगावला उतरून पाहावं. तापमान ४५ अंश आणि उंची ३१५ मीटर धरली तर हवा प्रमाण हवेच्या जेमतेम ८७ टक्के दाट उरते. पाठ्यपुस्तकातल्या प्रमाण दिवशी एवढी विरळ हवा साधारण १४०० मीटरवर भेटते. म्हणजे ऊन टळटळीत असलं तरी विमानाच्या लेखी नागपूरची धावपट्टी महाबळेश्वरच्या उंचीवर गेलेली असते. कॉकपिटमधला काटा हवेचा रेटा मोजतो, त्यामुळे टेकायचा आकडा तोच, ताशी ३००. पण जमिनीच्या हिशेबाने विमान ताशी ३२१ ने धावत असतं. थंडीतल्या दहा अंशांच्या सकाळी हाच फरक जेमतेम तीन किलोमीटरचा असतो. वेग सात टक्के जास्त म्हणजे ब्रेकने शोषायची ऊर्जा जवळजवळ पंधरा टक्के जास्त.

आता हे धावपट्टीवर मांडून बघू. सेकंदाला सेकंदी दोन मीटर असा बेताचा ब्रेक लागतोय असं धरलं, तर मेच्या दुपारी ३०० वर टेकलेलं विमान थांबायला साधारण दोन किलोमीटर खातं. तेच ३४० वर टेकलं तर अडीच किलोमीटरच्या वर जातं. आणि वेग जास्त असला की विमान टेकायलाच मागत नाही, जमिनीवरून तरंगत राहतं. त्या तरंगण्यात ६०० मीटर गेले की बेरीज ३१५० च्या घरात. सोनेगावची ३२०० मीटरची धावपट्टी तिथे संपते. कॉकेशसमधल्या अडीच किलोमीटरच्या धावपट्टीवर हेच झालं असतं तर विमान कधीच मळ्यात.

म्हणून मिग, जग्वार, सुखोई-३० अशा विमानांच्या शेपटात पॅराशूट असतं. चाकं टेकल्यावर डीसीएसमध्ये पी हे बटण दाबायचं. जास्त वेगात उघडलं तर ते फाटून निघून जातं, म्हणून मिगमध्ये काटा ३२० च्या खाली आल्यावरच. पॅराशूटही एअरब्रेकसारखंच आहे, पहिल्या काही सेकंदांत सगळं काम करतं. एफ-१६ मध्ये ते काम पंखच करतात. मागची चाकं टेकल्यावर नाक १३ अंशांवर उचलून धरायचं, अख्खं विमान हवेला आडवं उभं राहतं आणि ताशी दोनशेच्या खाली येईपर्यंत चाकाचा ब्रेक लागतही नाही. पंधरा अंशांकडे गेलं की शेपटाकडचा भाग खरवडतो, एवढं भान ठेवावं. हॉर्नेटमध्ये हे लाड नाहीत. ते जहाजासाठी बनलेलं, ठरलेल्या कोनात सरळ येऊन आपटायचं.

जहाजाचा उल्लेख आलाच आहे तर गोव्याकडे एक नजर. दाबोळीच्या आयएनएस हंस तळावर जमिनीवरच विमानवाहू जहाजाचा डेक उभारून तिथे उतरण्याचा सराव चालतो. ६ फेब्रुवारी २०२३ ला आयएनएस विक्रांतवर मिग-२९के आणि नौदलाचं तेजस पहिल्यांदा उतरली, ती अशाच सरावानंतर. तिथे चाकं डेकला टेकताच थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलतात. शेपटाखालचा आकडा (हूक) डेकवरच्या तारेत अडकला नाही तर पुन्हा उडता आलं पाहिजे. वेग कमी करायचं सगळं शिक्षण घेऊन शेवटच्या क्षणी पूर्ण ताकद, हे पहिल्यांदा करताना हात थरथरतो.

पंख्याच्या विमानांत भाषा थोडी बदलते. थ्रॉटल मागे घेतला की पंखा स्वतःच मोठा ब्रेक होतो, त्यामुळे स्पिटफायरसारखं विमान जेटपेक्षा पटकन मंदावतं. अडचण नाकाची. ते इतकं लांब की सरळ आलं तर धावपट्टी दिसतच नाही. म्हणून शेवटपर्यंत वळत वळत, खिडकीच्या कोपऱ्यातून धावपट्टी पाहत यायचं आणि अगदी शेवटी सरळ व्हायचं. शेवटचा वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास. दहा-वीस जास्त असले तरी हे विमान बेडकासारखं उड्या मारतं आणि तिसऱ्या उडीत पंख टेकवतं.

सरावासाठी मात्र धावपट्टीपासून लांब जावं. तीन हजार मीटरवर, मोकळ्या आकाशात, आपलं विमान चाकं आणि पूर्ण फ्लॅप काढून सपाट उडवायचं. वेग हळूहळू उतरवत कोन ठरल्या आकड्यावर आणायचा आणि उंची न गमावता थ्रॉटल कुठे राहतो ते बघायचं. मग त्याच स्थितीत तीन अंशांची उतरण. थ्रॉटल किती मागे आला? हे दोन आकडे चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवावेत. पुढच्या प्रत्येक लँडिंगमध्ये हात आधी त्या जागी जातो आणि मग एक-दोन टक्क्यांची दुरुस्ती उरते. हे करायला अर्धा तास लागतो आणि कुणीच करत नाही. सगळ्यांना धावपट्टीवरच शिकायचं असतं. त्यानंतर डीसीएसचं रेकॉर्डिंग किंवा उड्डाणाची नोंद दाखवणारं टॅकव्ह्यू उघडून आपलीच उतरण बघावी: दहा किलोमीटरवर वेग किती होता, पाचवर किती, दोनवर किती. लँडिंग बिघडलेलं असतं ते बहुधा दहाव्या किलोमीटरलाच, धावपट्टीवर फक्त ते जगाला कळतं.

आणि जमत नसेल तर सोडून द्यावं, म्हणजे थ्रॉटल पुढे करून पुन्हा फेरी मारावी. खऱ्या विमानसेवांत हा नियमच असतो: जमिनीपासून साधारण १००० फुटांवर, आकाश स्वच्छ असेल तर ५०० फुटांवर, वेग, उतरण आणि रेषा ठरल्या मर्यादेत नसेल तर वर जायचं. २२ मे २०१० ला मंगळूरला दुबईहून आलेलं विमान उंच आणि वेगात येऊनही उतरवलं गेलं, निम्म्याहून अधिक धावपट्टी मागे पडल्यावर चाकं टेकली, आणि १५८ माणसं गेली. चौकशीत ठपका ठेवला गेला तो फेरी न मारण्यावर. सिम्युलेटरमध्ये फेरीला पाच मिनिटं लागतात, आणि समोर बसलेला मित्र ‘का बे, पुन्हा?’ म्हणून हसतो. त्याला हसू द्यावं.

सगळं नीट झालं, विमान ताशी ३० वर आलं, धावपट्टीच्या कडेच्या वाटेवर वळायची वेळ झाली की एक काम उरतं. शेपटाला लटकलेलं पॅराशूट सोडून द्यायचं. पुष्कळ जण ते विसरतात आणि तळाच्या पार हँगरपर्यंत फरफटत नेतात. मग इंजिनाला नेहमीपेक्षा जास्त जोर का लागतोय, हे शोधत कॉकपिटमधलं एकेक बटण चाचपत बसतात.